निघोज्याचा बर्फ

ओव्हाळकाकांच्या चित्राला कुणी ‘छान’ म्हटलं, की ते चित्र गेलंच म्हणून समजायचं. काका शांतपणे उठायचे, चित्र भिंतीवरून उतरवायचे आणि डांबरात बुडवलेला ब्रश त्याच्यावरून आडवातिडवा फिरवायचे. स्तुती करणारा बिचारा हातात चहाचा कप धरून तसाच बसलेला. “तुम्हाला आवडलं ना? म्हणजे माझंच काहीतरी चुकलं,” एवढंच म्हणून काका पुन्हा खुर्चीत येऊन बसायचे. अशी किती चित्रं त्यांनी घालवली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. काकू म्हणायच्या, “घरात पावणा आला की ह्यांच्या एका फोटूचं मर्तिक ठरल्यालं.”

संत तुकाराम नगरच्या कोपऱ्यावर माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. मी मूळचा उदगीरकडचा, नाव बालाजी. कंपनीत चिकटायला म्हणून इकडं भोसरीत आलो आणि या धंद्यात पडलो. वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं एकाच मशीनमधून निघतं. हात जोडलेली, गॉगल लावलेली, मोबाइल कानाला धरून भलतीकडेच बघणारी तीच ती तोंडं दिवसभर छापून मला माणसाच्या तोंडाचाच वीट आलेला आहे. अशाच एका ‘भाऊं’चा वाढदिवस छापताना मशीनचं हेड चोंदलं. भाऊंचा एक डोळा गायब, गाल हिरवा, हनुवटीपासून खाली शाईचे ओघळ. शिव्या देत मी ते फाडायला घेतलं, तेवढ्यात दारातून आवाज आला, “अहो, थांबा, फाडू नका! यात पहिल्यांदा माणूस दिसतोय.”

दारात एक सडपातळ, पिकल्या केसांचा माणूस उभा होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खिशावरचं कंपनीचं नाव मात्र ब्लेडने उसवून काढलेलं. डोक्यावर परिणाम झालेला दिसतोय, असं मनाशी म्हणत मी तो फ्लेक्स त्यांना देऊन टाकला. काही दिवसांनी ते तो परत घेऊन आले. लोखंडाला मारतात तो लाल रंग, ग्रीस आणि लेथवरचा बुरा त्यावर थापलेला होता. भाऊंच्या तोंडातून काहीतरी गंजकं, ओलं बाहेर पडत होतं. “काका, हे बघून आज डबा जाणार नाही मला,” मी म्हणालो. त्यावर त्यांचा चेहरा असा फुलला, की मी बावरलोच. दुकानाच्या पाटीवरचं नाव वाचून म्हणाले, “बालाजीराव, तुम्हाला नजर आहे.” तिथून आमची दोस्ती झाली.

काका चाकणच्या एका कारखान्यात फोटोग्राफर होते. नव्या पार्टचे फोटो, परदेशी पाहुण्यांचे फोटो, रिटायर होणाऱ्यांचे शाल-श्रीफळाचे फोटो, आणि अपघात झाला की त्याचे. एका वर्षी खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. पत्रा दाबायच्या प्रेसला झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पेढे, सगळं यथासांग. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर पहिल्याच शिफ्टला त्याच प्रेसवर एका ऑपरेटरची बोटं गेली. काकांना बोलावणं आलं. त्यांनी होतं तसं टिपलं: सुकत चाललेल्या माळा, माळांवर तेल आणि तेलात मिसळलेलं रक्त. साहेबांनी फोटो पाहिले आणि म्हणाले, “ओव्हाळ, मशीन पुसून घेतो, मग परत काढ.” काका म्हणाले, “पूजेला पुसलं होतं की साहेब. तेव्हाचेही आहेत माझ्याकडं.” कॅमेरा जमा झाला आणि काकांची बदली स्टोअरमध्ये झाली. पण दोन्ही फोटो त्यांच्याकडे होते. पूजेचा आणि नंतरचा, असे ते दोन फोटो त्यांनी एकावर एक छापले. ते चित्र मी पाहिलंय. झेंडू कुठं संपतो आणि रक्त कुठं सुरू होतं ते कळत नाही. त्या साहेबाला मी कधी भेटलो नाही, तरी त्याची आठवण झाली की मला तोंडात आंबट पाणी येतं.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर काकांनी घरातली मोरी अंधारी करून तिथंच कारखाना थाटला. फोटोच्या कागदावर ते तारा, नटबोल्ट, लेथचा बुरा ठेवायचे, त्यावर मशीन गार ठेवणाऱ्या कूलंटचं वापरलेलं पाणी शिंपडायचे आणि कागद गच्चीत उन्हात टाकायचे. गंज आणि तेल कागदात मुरायचं. मग रंग, मग पुन्हा फोटो, त्यावर पुन्हा रंग. आंघोळीला गेलेल्या माणसाच्या पायात काय रुतेल सांगता यायचं नाही. शेजारचे वासाची तक्रार घेऊन यायचे. काकू त्यांना चहा पाजायच्या आणि म्हणायच्या, “तुमाला एक भिंत तरी मदी हाय, मी तर आतच हाय.” स्वतःच्या भाचीच्या लग्नात काकांना हौसेनं फोटो काढायला सांगितलं, तर त्यांनी नवरानवरी सोडून उष्ट्या पत्रावळी आणि खरकट्यात तोंड घालणारी कुत्री टिपली. भाची अजून बोलत नाही. तिचंही काही चुकलं, असं मला वाटत नाही.

एकदा मी त्यांना सरळच विचारलं, “काका, एखादं फूल, एखादं लेकरू का काढत नाही?” ते म्हणाले, “ते काढणारे पुष्कळ आहेत. घाण दिसली की माणूस तोंड फिरवतो. पण फिरवायच्या आधी पळभर तो जे बघतो ना बालाजीराव, तेवढंच त्यानं दिवसभरात बघितलेलं असतं. मला तेवढं पळभर पाहिजे.”

पुण्यातली कलाकार मंडळी एकदा त्यांच्या घरी आली होती. खादीचे कुडते, खांद्याला झोळ्या, बोलणं हळू आणि जड. त्यांना इथवर कुणी पाठवलं कोण जाणे. सगळं बघून झाल्यावर त्यातले एक डोळे मिटून म्हणाले, “विद्रूपतेचं किती देखणं रूप!” काका उठले, डांबराचा डबा उघडला, ब्रश बुडवला. मंडळी हरखलीच. भराभर मोबाइल निघाले, चित्रीकरण सुरू झालं. त्यांना वाटलं, हाही कलेचाच भाग. काकांनी ब्रश डब्यात टाकला, मोरीत गेले आणि आतून कडी लावून घेतली. मंडळी जाईपर्यंत ते बाहेर आले नाहीत. नंतर मला म्हणाले, “पुढारी घाण झाकतात आणि हे लोक तिला अत्तर लावतात. त्यापेक्षा झाकलेली परवडली.”

त्यांच्या कुठल्याही चित्राला काकूंनी आयुष्यात एकदाही चांगलं म्हटलं नाही, आणि काकांचा सगळा भरवसा काकूंवरच होता. काकूंचं नाव कौसाबाई, माहेर निघोजे. तिथं त्यांच्या वस्तीच्या मागून एक ओढा जातो. लहानपणी त्या ओढ्यात मासे धरायच्या, असं त्या सांगायच्या. आता आजूबाजूला कंपन्याच कंपन्या. त्यातलं कोण काय सोडतं ते कुणी कबूल करत नाही, पण ओढ्यावर कमरेएवढा पांढरा फेस चढतो आणि वारा आला की त्याचे गोळे रस्त्यावर उडत येतात. काकूंच्या भावाकडं दोघं गेली असताना काकांनी सकाळच्या उन्हात तो फेस टिपला. काकू नाकाला पदर लावून लांब उभ्या होत्या. “शी! ही घाण कशाला काडताय?” “तुझ्या माहेराचा फोटो काढतोय,” काका म्हणाले. “मग नाक धरून काडा,” काकू म्हणाल्या. हा संवाद दोघंही मला वेगवेगळा सांगायचे आणि दोघंही हसायचे.

त्या फोटोवर काकांनी फार हात फिरवला नाही. फेसाचे उंचच उंच ढीग, त्यांच्या खाचांत निळसर सावली, आणि खालून जाणारी एक पिवळट रेघ. ओढ्याचं पाणी खरोखर तसं पिवळं होतं, काकांनी रंगाने ती रेघ थोडी जाड केली, इतकंच. ते चित्र त्यांनी माझ्याकडून फ्लेक्सवर मोठं छापून घेतलं. “कॅनव्हास नको. याच्यावरच छापा. हाही नदीतच जाणार आहे शेवटी,” म्हणाले. शाई वाळावी म्हणून मी ते दुकानात टांगलं, आणि तिथं विकी आला.

विकी म्हणजे आमच्या भागातल्या एका माननीयांचा कार्यकर्ता. माननीयांचे सगळे फ्लेक्स त्याच्याच हातून येतात. चित्र बघून तो जागच्या जागी थबकला. “आयला, बालाजीभाऊ! हिमालय का? काय बर्फ आहे राव!” मी तोंड उघडायच्या आत त्याने मोबाइलवर फोटो काढलासुद्धा. “विकी, तो बर्फ नाही, निघोज्याच्या ओढ्याचा फेस आहे,” मी सांगितलं. तो खो खो हसला. त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोबाइलवर चार ठिकाणांहून तोच फेस आला. वर गुलाबी अक्षरांत लिहिलं होतं, ‘शिखर गाठायचं तर थंडी सोसावी लागते. सुप्रभात.’ खाली माननीयांचा हसरा चेहरा. पिवळी रेघ कापून टाकलेली.

काकांनाही तो आला. त्यांना मी चिडलेलं अनेकदा पाहिलं होतं, पण त्या दिवशी ते घाबरल्यासारखे दिसले. “बालाजीराव, हे आता डांबराच्या हाताबाहेर गेलं,” म्हणाले. घरातल्या प्रतीला डांबर फासता येत होतं, पण हजारो लोकांच्या खिशात गेलेल्या फोटोला काय फासणार? मग त्यांनी तो फेस पुन्हा पुन्हा करायला घेतला. एकदा त्यावर ग्रीस चोळलं; बघणारा म्हणाला, वा, बर्फावर संध्याकाळ झाली. एकदा न्हाव्याकडून केस आणून चिकटवले; दुसरा म्हणाला, देवदार वृक्ष ना हे? शेवटी त्यांनी ओढ्यातला गाळच आणून थापला. तर सोसायटीच्या चेअरमनला त्यात केदारनाथ दिसलं आणि त्याने हात जोडले. मी हसून हसून बेजार झालो. काका हसले नाहीत. त्यांना त्या लोकांचा राग नव्हता, स्वतःच्या हाताची किळस यायला लागली होती. “मी इतकी घाण दाखवतोय आणि ह्यांना देव दिसतोय. माझ्या हातात खोट आहे,” असं ते काकूंना म्हणाले. काकू म्हणाल्या, “तुमच्या हातात न्हाई, त्यांच्या नाकात हाय.”

पुढं काकांची छाती भरायला लागली. डॉक्टरांनी मोरीतली रसायनं बंद करायला सांगितली, तोवर उशीर झाला होता. दवाखान्यात मी भेटायला गेलो, तेव्हा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणाले, “बाकीचं सगळं भंगारात द्या. पण ते निघोज्याचं आहे ना, त्याला बर्फ म्हणू देऊ नका.” मी मान हलवली. काकू शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी मास्क पुन्हा नीट लावला आणि म्हणाल्या, “कोण म्हंतंय बर्फ? मी हाय ना.” त्यानंतर थोड्याच दिवसांत काका गेले.

ते गेले आणि खरी घाण सुरू झाली. हयातीत ज्यांनी त्यांच्या वासाच्या तक्रारी केल्या, त्यांनी चौकात श्रद्धांजलीचे फ्लेक्स लावले. सगळ्यात मोठा माननीयांचा. माननीय हातभर, काका बोटभर, आणि पाठीमागे तोच फेस. खाली लिहिलं होतं, ‘हिमालयाएवढा कलावंत हरपला.’ तो फ्लेक्स मी छापला नाही, विकीला दारातूनच परत पाठवला. त्याने दुसरीकडून छापून आणला. येताजाता तो दिसायचा आणि मला थुंकावंसं वाटायचं.

मग विकी पुन्हा आला. दिघीच्या रस्त्याला ज्येष्ठांसाठी नवं विरंगुळा केंद्र होत होतं. तिथल्या मोठ्या भिंतीवर माननीयांच्या प्रतिष्ठानतर्फे काकांचं चित्र लागणार होतं. चित्राचं नाव ‘हिमशिखरांच्या कुशीत’. अनावरण माननीयांच्या हस्ते, काकूंचा सत्कार. विकीने मोबाइलवर नमुना दाखवला. पिवळी रेघ तर नव्हतीच, वरच्या कोपऱ्यात एक गरुड चिकटवला होता. माझं डोकं सणकलं. “अरे, किती वेळा सांगू? तो फेस आहे. त्यात लोकांची घाण आहे, कंपनीचं पाणी आहे. तू चल माझ्याबरोबर निघोज्याला, दाखवतो.” आता त्याला ते पटलं. जरा वेळ डोकं खाजवून तो म्हणाला, “असेल रे भावा. पण पत्रिका छापून झाल्या. आता बर्फच म्हणायचा.”

मी काकूंना म्हणालो, जाऊ नका. तुम्ही गेला नाहीत तर निदान त्यांचं थोबाड तरी दिसेल लोकांना. काकू तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “न जाऊन कसं चालंल? माज्या म्हायेराचा फोटू हाय. मी न्हाई गेले तर त्याला वळखणार कोण?” मला वाटलं, त्यांनाही अखेर सत्काराचा मोह पडला. नवऱ्याला एकदा तरी चारचौघांत मान मिळावा, असं कुठल्या बाईला वाटणार नाही? मला वाईट वाटलं.

कार्यक्रमाला प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सनई, अत्तर, सगळा थाट होता. मी काकूंबरोबर पुढच्या रांगेत बसलो. माननीयांनी दोरी ओढली, पडदा सरकला, टाळ्या पडल्या. ओव्हाळ या नावाचा उच्चार त्यांनी तीनदा केला आणि तिन्ही वेळा चुकवला. मग फोटोसाठी ते चित्राशेजारी उभे राहिले. उजव्या हाताचा पंजा त्यांनी सरळ त्या पांढऱ्या ढिगावर टेकवला आणि माइकमध्ये म्हणाले, “हात लावला तरी गार वाटतंय!” लोक हसले. विकीने काकूंना वर बोलावलं, खांद्यावर शाल घातली आणि दोन शब्द बोला म्हणून माइक पुढं धरला. आभाराचे दोन शब्द, असं त्याच्या मनात असणार.

काकूंनी माइक हातात घेतला. आवाज मुळीच चढवला नाही. “सायेब, ह्यो बर्फ न्हाई. फेस हाय. निघोज्याचा, आमच्या वड्याचा. हितं माजी आय धुणं धुवायची. आमची जागा खालच्या अंगाला व्हती, वरनं जे यील ते आमच्याच वाट्याला. आदी गावाचं मळकं पाणी यायचं, आता कंपन्यांचं येतंय. ह्यात पाय घातला तर आग व्हती. माज्या भावाची म्हस हे पाणी पिऊन मेली. गू हाय, मूत हाय, केमिकल हाय. ह्यांनी त्ये दिसावं म्हनून फोटू काडला. आन तुमी जितं हात लावलाय ना सायेब, तितं लई वास मारतो.”

विकी माइक घ्यायला धावला. मी मात्र माननीयांकडं बघत होतो. त्यांचा पंजा अजून चित्रावरच होता. त्यांनी मान वळवून चित्राकडं पाहिलं, नीट पाहिलं, आणि चटका बसावा तसा हात काढून घेतला. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी तळहात पुसला. बोटांच्या मधल्या बेचक्याही पुसल्या. चित्राचं ते फ्लेक्सचं कापड नवंकोरं, वाळलेलं होतं. त्याला शाईशिवाय कसलाच वास नव्हता. तरी ते पुसतच होते, आणि पुसून झाल्यावर रुमाल खिशात घालावा की नको ते त्यांना कळेना.

काकूंनी शालीची घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि त्या पायऱ्या उतरून माझ्याकडं आल्या. बाहेर येऊन आम्ही रिक्षात बसलो. भोसरीच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा म्हणाल्या, “बालाजी, बगितलंस का? हात पुसला त्यानं.”

“बघितलं, काकू.”

“ह्यांनी बगायला पायजे व्हतं रं,” त्या म्हणाल्या, आणि काका गेल्यापासून माझ्यासमोर पहिल्यांदाच त्या पदरात तोंड घालून रडल्या.